अकरावा प्रश्न

पुणे
१७ मार्च २०२५

ती. आत्या,

नमस्कार. तुझ्या अटीप्रमाणे शाईनं आणि कागदावर लिहिते आहे. फोनवर मी ‘हं, हं’ करत दुसरंच काहीतरी टाइप करत असते हा तुझा आरोप मला मान्य आहे, तेव्हा बचाव नाही.

काम असं आहे. ‘वळण’ नावाचा एक उपक्रम आहे. आठवी-नववीतली जी मुलं पुढं गुन्ह्याकडे जाण्याची शक्यता वाटते, ती शाळेतच ओळखायची, दर शनिवारी त्यांचे वेगळे वर्ग घ्यायचे आणि त्यांना वेळीच सावरायचं. उपक्रम चालवणारी संस्था वेगळी. त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासायचं काम आमच्याकडं. आधी मुलांना प्रश्नावली, वर्ग झाल्यावर तीच प्रश्नावली पुन्हा, आणि दोन्हींतला फरक म्हणजे उपक्रमाचा परिणाम. निवडलेल्या शाळांत तुझ्या गोंडपिपरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की लागणारी कुरुडटोल्याची शाळाही आहे.

प्रत्येक शाळेला आम्हाला गावाकडचा एक निरीक्षक लागतो. जिल्हा न्यायालयात तू आयुष्यभर लघुलेखक होतीस. समोरचा बोलला तेवढंच लिहायचं, आपलं घालायचं नाही, ही सवय तुला आहे. म्हणून मी तुझं नाव दिलं. विनंती एकच. पाहायचं, ऐकायचं, लिहून कळवायचं. मध्ये बोलायचं नाही. हे मी कोणाला सांगते आहे याची मला पूर्ण कल्पना आहे.

तुझी
दिव्यानी


गोंडपिपरी
५ एप्रिल २०२५

चि. दिव्यानी,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीनं उकरल्यासारखं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं तुझ्या बोटांवर पट्टी मोडली असती.

काल तुमची प्रश्नावली झाली. मी शेवटच्या बाकावर बसले आणि एक शब्द बोलले नाही. तो तुझ्यावर केलेला उपकार आहे, लक्षात ठेव.

संस्थेनं धनराज नावाचा एक मुलगा पाठवला होता. सभ्य आहे, घामाघूम होता. पोरांनी कागद वाचून एकेकट्यानं खुणा करायच्या असं ठरलं होतं म्हणे. पण निम्म्या पोरांना तो छापील मराठी कळेना, तेव्हा तो मोठ्यानं वाचू लागला आणि अख्खी नववी कोरसमध्ये उत्तरं देऊ लागली. गोपनीयता तिथंच संपली.

प्रश्न नववा: सूर्योदयापूर्वी पालकांशिवाय घराबाहेर असतोस का? टोल्याची, म्हणजे रानाकडेच्या वस्तीची, सगळी पोरं, “हाव सर.” प्रश्न दहावा: गेल्या महिन्यात शाळा बुडवली का? “हाव सर.” मग अकरावा: गेल्या महिन्यात दारू किंवा दारूचं साहित्य हाताळलं का?

सुनिल नावाचा एक पोरगा उभा राहिला. टोल्यातल्या बुधूचा नातू. आईबाप तेलंगणात मिरची तोडायला गेलेत, पोरगा आजोबांजवळ असतो. त्यानं विचारलं, “सर, साहित्य मंजे का?”

धनराजनं फोनमध्ये पाहिलं. “गूळ, नवसागर, मोहफूल, रिकाम्या बाटल्या.”

“मोहा? मोहा तं मी आत्ताच वेचून आलो.” त्यानं तळहात पुढं केला. “वास घ्या ना सर.”

वर्ग हसला. धनराजनं वास घेतला नाही, खूण केली.

पलीकडच्या रांगेत प्रफुल बसला होता. बाजारपेठेतल्या रुखमाबाईचा नातू. आमच्याकडं दारू उघडी मिळते आणि पूल ओलांडला की गडचिरोली जिल्ह्यात बंदी. प्रफुलचा काका या दोन काठांवरच जगतो, आणि पव्वे या पोराच्या सायकलवरून जातात, हे शाळेच्या घंटेलासुद्धा ठाऊक आहे. प्रफुल म्हणाला, “मी नाई सर. मी तं चहा बी नाई पेत.”

आता ऐक. मोहाची फुलं पहाटे पडतात आणि उन्हं वर आली की सुकतात, गुरं खातात. मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत सगळा टोला अंधार असतानाच झाडाखाली असतो. शाळा बुडते, कारण वर्षाचं तेलमीठ त्या फुलांवर येतं. म्हणजे तुझा नववा, दहावा आणि अकरावा हे तीन प्रश्न नाहीत. एकच प्रश्न आहे: तू टोल्यातला आहेस का?

प्रश्न बदला, नाहीतर जुलैत येऊन विचारा.

आशीर्वाद आहेतच.
आत्या


पुणे
२१ एप्रिल २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू आवरेना. प्रफुलचा चहा मी सगळ्यांना वाचून दाखवला.

पण प्रश्न बदलता येणार नाही. ही प्रश्नावली अनेक राज्यांत वापरलेली आहे, तपासून प्रमाणित केलेली. एका ठिकाणी शब्द बदलला की बाकीच्या ठिकाणांशी तुलनाच करता येत नाही. मोहाबद्दल तुझं म्हणणं मी टिपून ठेवलं आहे. इतक्या शाळांत एका टोल्यामुळं एकूण चित्र बदलत नाही. आणि वेळापत्रक संस्थेनं ठरवलं आहे. परीक्षेआधी पहिली फेरी संपवायचीच होती.

एक मात्र नक्की सांगते. कोण ‘धोक्यातला’ ठरला हे मुलाला, शिक्षकांना, कोणालाच सांगितलं जात नाही. शनिवारचा वर्ग म्हणजे फक्त एक जास्तीचा वर्ग. कुणावर शिक्का बसणार नाही. तो आमचा पहिला नियम आहे.

तू अजूनही बोललेली नाहीस ना? मुख्याध्यापकांशी?

दिव्यानी


गोंडपिपरी
२० जुलै २०२५

चि. दिव्यानी,

शिक्का बसणार नाही म्हणालीस. तुमच्या संस्थेनं त्याच्यासाठी दप्तरं आणली आहेत. निळी, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत हातभर ‘वळण’. शाळा उघडल्यावर समारंभ झाला, पोलीस ठाण्याचे साहेब आले, आणि त्यांच्या हस्ते ती दप्तरं टोल्याच्या पोरांना एकेकाचं नाव पुकारून दिली. पोरं खूश. इतकं जाड कापड त्यांनी कधी पाठीवर घेतलं नव्हतं. सुनिलनं झाकणाच्या आत बॉलपेननं नाव लिहून घेतलं, आठवडाभर ते नुसतं मिरवलं.

मग रुखमाबाई शाळेत आली. मी व्हरांड्यातच होते. मुख्याध्यापकांना म्हणाली, “माह्या प्रफुलले काऊन नाई दिलं दप्तर?”

“बाई, ते धोक्यातल्या पोरांसाठी आहे.”

“तं माहा नातू का धोक्यात नाई? टाका त्याचं बी नाव. टोल्यावाल्याइलेच सारं द्या, आमी का मेलो?”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. छताला पाहण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात दप्तराचा अर्थ बाजारपेठेला कळला. आता दुकानदार निळं दप्तर दिसलं की “बाहेर ठेव बे” म्हणतो. वर्गातली पोरं ‘ए वळण’ अशी हाक मारतात. उलट पुलावरच्या चौकीतले शिपाई दप्तर पाहून पाठ थोपटतात आणि सोडतात, कारण वाटपाला साहेब स्वतः होते. एकाच दप्तराला एका टोकाला हाकलतात आणि दुसऱ्या टोकाला सलाम.

शनिवारचा वर्गही पाहिला. विषय ‘नाही म्हणायला शिका’. धनराज एकेका पोराला उभं करतो, समोर प्लास्टिकचा पेला धरतो, आणि पोरानं छातीवर हात ठेवून ‘नाही’ म्हणायचं. सुनिलनं विचारलं, “सर, देवाले मोहाचा थेंब टाकतो आमी, त्याले बी नाई म्हणाचं का?” धनराज म्हणाला, नाहीच म्हणायचं. पोरगं घरी गेलं आणि बहिणीच्या बाळाच्या नाव ठेवण्याच्या दिवशी देवापुढं थेंब टाकायला नाही म्हणालं. म्हातारा बुधू त्याच्याशी चार दिवस बोलला नाही.

ज्या घरी कोणी चोरी केली नाही तिथं आता भांडण आहे. हे कोणत्या रकान्यात घालायचं ते कळव.

आत्या


पुणे
१२ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

दप्तरांची कल्पना पैसे देणाऱ्या कंपनीची होती. आम्ही लेखी हरकत घेतली, पण तोवर दप्तरं शिवून झाली होती.

तरी एक चांगली बातमी आहे. पहिले आकडे आले. कुरुडटोल्याच्या गटातली गैरहजेरी झपाट्यानं खाली आली आहे. एप्रिलमध्ये सर्वांत वाईट हजेरी असलेली मुलं आता जवळजवळ रोज शाळेत असतात. सगळ्या शाळांत सर्वांत मोठा बदल तुझ्याच शाळेत आहे. माझे साहेब फार खूश झाले. ही शाळा उदाहरण म्हणून घ्यायची म्हणतात.

तुला राग येतो हे मला कळतं, पण कधीकधी पद्धत ओबडधोबड असूनही परिणाम चांगला होतो. एवढं तरी मान्य करशील का?

दिव्यानी


गोंडपिपरी
२४ सप्टेंबर २०२५

दिव्यानी,

मोह एप्रिलअखेर संपतो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून होतो. जुलैत पोरांना पहाटे उठून जायला जागाच उरत नाही, म्हणून ती शाळेत येतात. त्यांचे आईबाप, आजे-पणजे सगळे जुलैत असेच शाळेत आले. तुझ्या साहेबांना सांग, त्यांनी झाडाचा बहर ओसरलेला मोजला आहे.

पण आज त्यासाठी लिहीत नाही.

मागच्या शनिवारी दुपारी पुलाच्या पलीकडच्या चौकीवर एक नवा शिपाई होता. त्यानं सायकलवाल्या पोराला हात केला. पोरगं दप्तर टाकून नदीच्या बाजूला पळालं. दप्तरात पव्वे. दप्तर निळं. झाकणाच्या आत सुनिलचं नाव.

दप्तर महिन्यापासून प्रफुलकडं होतं. त्याला पुलावर पाठ थोपटून घ्यायला तेच हवं होतं. त्याच्या बदल्यात सुनिलला टोल्यापासून शाळेपर्यंत यायला त्याची जुनी सायकल मिळाली. पोलीस टोल्यावर गेले. “दप्तर तुझं का?” “हाव.” “दारू हाताळली का कधी?” “मोहा वेचतो.” बस. टोल्याची रीत अशी की मोठ्या माणसानं विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं, जास्तीचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. दप्तर त्या दिवशी कोणाजवळ होतं हे कोणी विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं नाही. मी आयुष्यभर कोर्टात प्रश्न-उत्तरं उतरवली. उत्तर नेहमी प्रश्नाएवढंच असतं, हे मी कितीदा पाहिलं असेल.

आता प्रकरण बाल न्याय मंडळापुढं आहे. परिविक्षा अधिकाऱ्यांनी मुलाबद्दलच्या अहवालात लिहिलंय: ‘शाळेच्या उपक्रमात आधीपासून जोखमीचा म्हणून निवड.’ मुख्याध्यापक म्हणतात, मंडळानं सोडेपर्यंत शाळेत येऊ नको. तो आता दहावीत आहे. परीक्षेचा अर्ज ते पाठवतील, पण हॉल तिकीट बाल न्याय मंडळाचा सुटकेचा कागद आणला तरच देतील.

आणि सगळ्यांत संतापाची गोष्ट ही. ते दप्तर पुलावर सापडलं तेव्हा सुनिल शनिवारच्या वर्गात होता. धनराजच्या समोर. छातीवर हात ठेवून नाही म्हणत होता. मी त्या दिवशी डोळे तपासायला चंद्रपूरला गेले होते, नाहीतर तुझ्या दारात आले नसते. धनराज मला म्हणतो, “बाई, मले मालूम आहे तो इथीच होता. पण संस्थेनं सांगून ठेवलं, मुलाबद्दल बाहेर काही बोलाचं नाई. मूल्यांकनवाल्यांची परवानगी लागते.”

मूल्यांकनवाली तू आहेस. मला दोन गोष्टी हव्यात. धनराजला बोलायची परवानगी, आणि अकराव्या प्रश्नात मोहफूल म्हणजे दारू धरली आहे असं तुझ्या सहीचं पत्र. पोराची परीक्षा यावर आहे.

आत्या


पुणे
६ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मी साहेबांशी बोलले. सहभागी मुलांची ओळख किंवा त्यांच्याबद्दलची कोणतीही माहिती बाहेर देता येत नाही. हा नियम मुलांच्याच संरक्षणासाठी आहे. एका मुलासाठी तो मोडला तर बाकीच्यांना दिलेला शब्दही मोडतो. शिवाय मूल्यांकन चालू असताना आम्ही प्रश्नावलीविरुद्ध लिहून दिलं, तर सगळाच अभ्यास वादात सापडेल.

मंडळात मोफत वकील मिळतो. त्याच्याशी नीट बोल. कायदा मुलांच्या बाजूनं असतो, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी बघते अजून काय करता येतं.

दिव्यानी


गोंडपिपरी
१३ ऑक्टोबर २०२५

दिव्यानी,

मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून तुम्ही त्याच्या पाठीवर उपक्रमाचं नाव छापलंत, ठाण्याच्या साहेबांकडून त्याचं नाव पुकारून घेतलंत, आणि आता त्याच्या बाजूनं एक वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा तुमचा नियम जागा झाला.

वकिलाला भेटले. त्याच्याकडं बऱ्याच केसेस आहेत. त्यानं सुनिलला एकच प्रश्न विचारला: “कबूल करतो का? लवकर सुटशील.” बुधू म्हणाला, “वकीलसाहेब, जे नाई केलं ते कबूल काऊन करन?” वकिलानं घड्याळ पाहिलं.

मी बघते, असं तू लिहिलंस. लहानपणी गणितं सोडवायची टाळायचीस तेव्हा हेच म्हणायचीस.

आत्या


गोंडपिपरी
१२ डिसेंबर २०२५

दिव्यानी,

उत्तराची वाट पाहिली. आलं नाही. निरीक्षक म्हणून माझं काम बाकी आहे, म्हणून लिहिते.

काल दुसरी फेरी झाली. धनराजनं मुलं मोजली, टोल्याच्या गटात काही कमी पडली. ज्या मुख्याध्यापकांनी सुनिलला शाळेचं फाटक बंद केलं होतं, त्यांनीच शिपाई पाठवून त्याला बोलावून घेतलं. नमुना कमी पडतो म्हणे. तासाभरापुरता तो पुन्हा विद्यार्थी झाला.

धनराजनं नववा वाचला. “नाई सर.” दहावा. “नाई सर.” सगळ्या टोल्याचा एकच आवाज, न अडखळता. मग अकरावा: गेल्या महिन्यात दारू किंवा दारूचं साहित्य हाताळलं का?

“नाई सर.”

धनराजनं यादी वाचली. गूळ, नवसागर, मोहफूल. ते म्हणताना त्याचा आवाज खाली गेला, तेवढं त्याच्या बाजूनं लिहिते. सुनिलनं सरळ त्याच्याकडं पाहिलं.

“मोहफूल मंजे का असते सर?”

कोणी हसलं नाही. प्रफुलसुद्धा नाही.

डिसेंबरात मोह नसतोच, तेव्हा उत्तर खरं आहे म्हणशील. प्रश्न ऐकायच्या आधीच पोरांची ‘नाई’ तयार होती. एप्रिलमध्ये ज्यानं तळहात पुढं करून वास घ्या म्हटलं, तो आता मोह ओळखत नाही. तुझा आलेख पायथ्याला आला असेल. सर्वांत मोठा बदल, उदाहरण म्हणून घ्या. खोटं बोलायला शिकवणारी एवढी चांगली शाळा जिल्ह्यात दुसरी नाही.

मंडळाची तारीख जानेवारीत आहे.

आत्या


पुणे
२२ डिसेंबर २०२५

ती. आत्या,

आकडे आले. तू म्हणालीस तसेच आहेत. टोल्यातल्या सगळ्या मुलांची जोखीम शून्य. साहेबांनी बैठकीत पडद्यावर दाखवलं आणि टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या.

तुला एक सांगायला हवं. ऑक्टोबरमध्ये मी साहेबांशी बोलले नव्हते. मी तुझं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि तुला नियम लिहून पाठवला. ते काय म्हणतील हे मला माहीत होतं, म्हणून विचारलंच नाही.

सुनिलनं खरंच ‘मोहफूल मंजे का असते’ असं विचारलं? त्याच शब्दांत?

दिव्यानी


गोंडपिपरी
१८ जानेवारी २०२६

दिव्यानी,

त्याच शब्दांत. मी लघुलेखक आहे.

परवा मंडळापुढं उभं केलं. म्हातारा बुधू बोलायला घाबरतो म्हणून मला सोबत बसू दिलं. न्यायाधीश तरुण आहेत, वाईट नाहीत. शेजारच्या सदस्य बाईंनी कागद पाहत मवाळ आवाजात विचारलं, “बाळा, तू मोह वेचतोस का?”

सुनिल म्हणाला, “नाई.”

बुधूनं मान वळवून नातवाकडं पाहिलं. “खोटा काऊन बोलतेस बे?” मग हात जोडून बाईंना म्हणाला, “वेचते ना बाई. आमी सारेच वेचतो. लहानपणापासून वेचते तो.”

सदस्य बाईंनी लिहून घेतलं. मला उलटं वाचता येतं, कोर्टात सगळ्यांनाच येतं: ‘मुलगा साध्या प्रश्नालाही असत्य उत्तर देतो.’ पुढची तारीख फेब्रुवारीत, आणि परीक्षा त्याच महिन्यात.

बाहेर चिंचेखाली मी त्याला धरलं. रागावले होते, कबूल करते. म्हटलं, मूर्खा, तिथं खरं बोलायचं होतं. तो जमिनीकडं पाहत होता.

“बाई, पयले हाव म्हटलं तं वळणात टाकलं. पोलिसाले हाव म्हटलं तं गाडीत बसवलं. धनराज सर म्हणे, नाई म्हणाले शिका. आता नाई म्हटलं तं...”

म्हाताऱ्यानं त्याला चहा पाजायला नेलं. मी चिंचेखाली तशीच उभी राहिले.

आत्या


पुणे
३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्या,

सोबत दोन कागद आहेत. एक मंडळाला, माझ्या सहीचा: अकराव्या प्रश्नात मोहफूल वेचणं हे दारू हाताळणं धरलं आहे, सुनिलची निवड झाली ती नऊ, दहा आणि अकरा या तीन उत्तरांवर, आणि तिन्ही मोहाच्या हंगामामुळं आली, त्यावरून त्याच्या स्वभावाबद्दल काहीही ठरवता येत नाही. दुसरा कागद धनराजला, त्यानं त्या शनिवारी जे पाहिलं ते मंडळाला सांगावं म्हणून. साहेबांना न विचारता दिले आहेत. सही करून झाल्यावर सांगितलं. ते फारसं ओरडले नाहीत. आता मला बैठकांना बोलवत नाहीत, एवढंच.

अहवालात मी एक प्रकरण लिहिलं: हंगाम, मोह, दप्तर, आणि मुलं काय शिकली. ते परिशिष्टात गेलं, शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत. मुख्य अहवालात कुरुडटोल्याची शाळा उदाहरण म्हणूनच आहे. उपक्रम दोन्ही जिल्ह्यांतल्या आणखी शाळांत न्यायचं ठरलं. पहिली फेरी एप्रिलमध्ये. मी हंगामाबद्दल पुन्हा सांगितलं. परीक्षेआधी संपवायची आहे, असं उत्तर मिळालं.

राजीनामा दिलेला नाही. त्याबद्दल तू विचारशील, म्हणून आधीच लिहिते.

दिव्यानी


गोंडपिपरी
६ एप्रिल २०२६

चि. दिव्यानी,

तुझे कागद वेळेवर पोचले. धनराज मंडळापुढं बोलला. म्हणाला: दप्तर सापडलं तेव्हा पोरगा माझ्यासमोर उभा होता. न्यायाधीशांनी विचारलं, मग हे इतके महिने कोणी सांगितलं का नाही? मंडळानं सुनिलला सोडलं. मुख्याध्यापकांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉल तिकीट दिलं, जणू आपल्या घरचं देत आहेत. प्रफुलला कोणी काही विचारलं नाही. काका अजून दोन्ही काठांवर आहे. नव्या दप्तरांचा रंग हिरवा आहे असं ऐकते.

तुझ्या साहेबांबद्दल मला जे वाटतं ते सभ्य कागदावर लिहिता येणार नाही. तू केलंस ते उशिरा केलंस, पण केलंस. तेवढं मी म्हणते आणि पुढं जाते.

काल टोल्यावर गेले होते. सकाळी लवकर रिक्षा केली. झाडांखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली होती आणि तिच्यावर फुलं सांडली होती, ओली, पिवळट. लहानसहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे वाकलेले. बुधूनं मला पाहून हात केला. परीक्षा कशी गेली हे विचारायला मी सुनिलला शोधलं. तो एका झाडामागं एकटाच वेचत होता. मला पाहिल्यावर सरळ उभा राहिला.

त्याची टोपली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. बोटांना चिकट रस लागलेला. वास तर सगळ्या रानालाच.

मी सहज विचारलं, जसं कोणीही कोणाला विचारतं, “का करून राह्यला रे?”

त्यानं टोपली पायामागं सरकवली.

“काई नाई, बाई.”

आत्या